मांजरी, सांग त्यायले

लग्न होऊन कित्येक वर्षं झाली तरी माझ्या भासऱ्यांचा चेहरा मी धड पाहिलेला नव्हता. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या वऱ्हाडात धाकट्या सुनेनं त्यांच्यापुढे पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, अंगाला अंग लागू द्यायचं नाही, अशी सक्त रीत होती. पदराखालून जेवढं दिसेल तेवढंच जग. म्हणून भासरे म्हणजे माझ्या लेखी दोन पाय होते. रुंद टाचा, टाचांच्या भेगांत मुरलेली काळी माती, डाव्या अंगठ्याचं फुटकं नख. ते पाय अंगणात आले की जमीन दबल्यासारखी वाटायची. आता उतारवयात नातसुनेनं मला अक्षरं शिकवली आणि म्हणाली, आजी, काही तरी तुमच्या मनचं लिहा. मी म्हटलं, पायांवर लिहीन. ती खूप हसली. हसू दे.

आमचं घर अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहराच्या कडेला. मागल्या बाजूनं निघालं की थोड्या चालण्यावर आमचं वावर, म्हणजे शेत. माझं माहेर अमरावतीकडचं, बडनेऱ्याजवळचं. मी या घरात आले ती कापसाच्या वेडाची वर्षं होती. समुद्रापलीकडे कुठे तरी गोरे लोक आपसांत लढत होते, त्यांचा कापूस अडला, आणि त्यामुळे आमच्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला, एवढंच आम्हा बायकांना कळलं होतं. पुरुषांना दुसरा विषय नव्हता. रस्त्यात गाडीतून गळलेलं बोंडसुद्धा कोणी पडू देत नव्हतं. मग लोकांची नजर घरातल्या गाद्यांवर गेली. जुना, दडपलेला, पिवळा पडलेला कापूस. पण तोही व्यापारी घेत होते. गल्लीत घरोघरी गाद्या उसवल्या गेल्या. आमच्याही. सासूबाई दारात आडव्या बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज गाद्या इकता, उद्या मले इकसान!" कोणी ऐकलं नाही. आम्ही सगळे गोणपाटावर निजू लागलो, आणि त्याचाही आम्हाला तोरा होता.

आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत आली नव्हती. कापूस बैलगाड्यांनी पश्चिमेकडे न्यावा लागे, आणि गाड्यांवर आमचे भासरे जात, कारण त्यांच्यासारखा गाडीवान आमच्या भागात नव्हता. असेच ते एका उन्हाळ्यात गेले होते, आणि मागे माझ्या जावेला पटकी झाली. सकाळी ती माझ्याशी अंबाडीच्या भाजीवरून भांडली होती. दिवेलागणीपर्यंत ती नव्हती. लेकरूबाळ झालेलं नव्हतं, त्यामुळे तिच्या मागे रडायला लहान कोणी नव्हतं. मी रडले. मला त्या घरात हसायला तिनंच शिकवलं होतं.

भासरे परत आले तेव्हा तिचा तेरावा होऊन गेला होता. मी चुलीपाशी होते. पाय अंगणात आले, बैल सोडले, बैलांना पाणी दाखवलं, मग विचारलं, "घरची कुठी हाय?" सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. पाय तसेच उभे राहिले. मी ते पाय बघत होते, आणि मला वाटलं, आता हे कधीच हलणार नाहीत.

पुढे काही आठवडे ते काम करत राहिले. बोलणं आधीच बेताचं, ते बंद झालं. आणि एका सकाळी त्यांनी वावरातल्या विहिरीत स्वतःला लोटून दिलं. कापसाच्या भरवशावर ती विहीर नव्यानं खणायला घेतली होती. शेजारच्या वावरातल्या माणसांनी त्यांना वर काढलं आणि बाजेवर घालून घरी आणलं. जीव होता. मांडीचं हाड मोडलं होतं, खुबा निखळला होता.

असं करून वाचलेल्या माणसाला सरकार गुन्हेगार धरतं, असं तेव्हा नुकतंच लोकांच्या कानावर आलं होतं. म्हणून बाज अंगणात टेकायच्या आधीच पाटील मोठ्यानं म्हणाले, "पाय घसरला बिचाऱ्याचा." शेजारीण म्हणाली, "घसरणारच, काठ ओला होता." संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीचा पाय घसरला होता. एकाही माणसानं दुसरा शब्द काढला नाही, भांडखोर शेजाऱ्यांनीसुद्धा नाही. त्या एकजुटीचं मला आजही नवल वाटतं. पण त्यात एक झालं. ज्याला खरं बोलायचं असेल त्याची वाटच बंद झाली.

हाड बसवायला गल्लीच्या टोकाचे मियाँ आले. त्यांनी बांबूच्या कामट्या बांधल्या, घाम पुसला आणि सासूबाईंना म्हणाले, "हड्डी मैं बिठा दिया माय. पर पीठ तुमकू संभालना पडेंगा. करवट बदलते रहो, नहीं तो पीठ सड जाएंगी." ते गेल्यावर प्रश्न पडला, कूस बदलायची कोणी? माझे मालक उजाडताच वावरात जात ते अंधार पडताना येत. सासूबाईंच्या डोळ्यांत फूल पडलेलं, जेमतेम उजेड-सावली कळायची. त्यांनी पहिल्या दिवशी मुलाला कण्या भरवल्या, तर अर्ध्या कण्या त्याच्या कानात गेल्या. घरात उरले कोण? मी. जिनं त्यांना शिवायचं नव्हतं, बघायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं.

सासूबाईंनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी म्हणाल्या, "रीत मोडायची नाही. अन पोरगं मरू द्यायचं नाही." मग एक जुनं मऊ लुगडं त्यांनी भासऱ्यांच्या अंगाखाली घातलं. त्याची एक कड त्यांनी धरायची, दुसरी मी. दोघींनी ओढलं की माणूस अलगद कुशीवर वळे, आणि माझं बोट त्यांना लागत नसे. मियाँनी ते पाहिलं आणि मान डोलावली. बोलायचं काय, असं मी विचारलं. इतर घरांत सुना लेकराला पुढे करून भासऱ्याशी बोलत. आमच्या घरात लेकरू नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मांजर हाय ना."

मांजर होती. राखी रंगाची, आळशी, चुलीमागे पडून असायची. मी पदर ओढून दाराशी उभी राहिले आणि म्हटलं, "मांजरी, सांग त्यायले, कण्या निवून राह्यल्या." मला माझंच हसू येत होतं. मांजरीनं डोळा उघडला आणि मिटला. वाटी तशीच परत आली.

असेच दिवस जात राहिले. मी मांजरीला सगळं सांगायचे. पाऊस लांबला. शेजारणीची म्हैस व्याली. आज वरणात हिंग जरा जास्त झाला, पोटात जाळ पडला तर मला बोलू नये. भासरे छताकडे बघत पडलेले असत. मला दिसायचे ते फक्त पाय, कामट्यांच्या बाहेर आलेले. आणि त्या पायांचं काही तरी होत होतं. भेगांतली माती गेली. टाचा पांढऱ्या पडल्या, मऊ झाल्या, लेकराच्या टाचांसारख्या. वावराची माती ज्या पायांतून जाते तो कुणबी जगतो कशावर, असं मला वाटायचं.

मग रात्री अंग पुसताना मालकांना त्यांच्या पाठीला लालसर डाग दिसले, त्यांनी मला सांगितलं. गोणपाट रुतत होतं. घरात एक मऊ गादी नव्हती. सगळा कापूस आम्ही विकून बसलो होतो. मी मांजरीला सांगायचं सोडून सासूबाईंनाच सांगितलं. त्या दिवशी त्या म्हाताऱ्या बाईनं जे केलं त्याला मी अजून हात जोडते. वेचणी सुरू झाली होती, पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस ओसरीत भरला होता, व्यापाऱ्याचा माणूस दारात येऊन गेला होता. सासूबाई चाचपडत जाऊन त्या ढिगावर बसल्या. म्हणाल्या, "हा इकाचा नाही. हा त्याच्या पाठीचा." आमच्या मालकांनी हूं की चूं केलं नाही.

गल्लीतल्या बाया आपापले रेचे घेऊन आल्या. रेचा म्हणजे सरकी काढायची लाकडी घाणी, दोन लाटण्यांमधून कापूस ओढायची. अंगणभर कुरकुर चालू होती. मग शेजारच्या मोहल्ल्यातला पिंजारी बायकोसकट आला, धनुकली लावून त्यानं कापूस पिंजायला घेतला, आणि अंगणात असा पांढरा फुलोरा उडू लागला की आमचे केस, भुवया, चुलीमागची मांजर, सगळं पांढरं झालं. हातभर जाडीची गादी झाली. ज्या वर्षी लोक उशा उसवत होते त्या वर्षी! तिला बघायला लोक येत. कोणी मूठभर कापूस आणून म्हणे, हाही टाका आत. भाव माहीत नसलेला त्यांत एकही नव्हता. माणसांच्या हातांत अशी ताकद असते हे मला त्या अंगणात पहिल्यांदा दिसलं, आणि ती ताकद मला देवळातल्या देवापेक्षा मोठी वाटली.

त्या गादीवर भासऱ्यांना घेतलं. मी नेहमीसारखी वाटी ठेवली आणि दाराशी गेले. मागून एक घोगरा आवाज आला, न वापरलेल्या रहाटासारखा.

"मांजरी, सांग, मीठ कमी हाय."

मी पदरात तोंड खुपसून इतकी हसले की रडूच आलं. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांनी ऐकलं होतं. त्या मांजरीला म्हणाल्या, "अवं, दे त्याले मीठ!"

मग आमचं बोलणं सुरू झालं, म्हणजे मांजरीचं. आणि एका दुपारी, सासूबाईंना उंबऱ्यावर डुलकी लागलेली असताना, ते बोलले. मी रेच्यावर बसले होते, त्यांच्याकडे पाठ करून.

"मांजरी, माहा पाय घसरला नव्हता."

माझा हात थांबला. मग मला वाटलं, थांबवू नये. मी रेचा फिरवत राहिले. ते हळूहळू सांगत होते. घरात पाऊल टाकलं की तिची पाटी, तिचा विळा, तिचं दळण. ती पाणी मागत असेल आणि आपण बैलांना पाणी पाजत असू. सगळे म्हणतात पाय घसरला, पाय घसरला. आपण कोणाजवळ बोलावं? शेवटी म्हणाले, "पुन्हा तसं मनात येणार नाही, असं मले सांगता येत नाही, मांजरी. येते. काल बी आलं."

मी भीतीनं गार पडले होते. पण त्याच वेळी मला एक गोष्ट लख्ख कळली. या घरात त्यांच्यासाठी मी नव्हतेच. रीतीनं मला पुसून टाकलं होतं. आईसमोर बोलले असते तर आई कोसळली असती, भावासमोर तर लाज वाटली असती, पाटलासमोर कायदा होता. जी बाई तिथे नाहीच, तिच्यासमोर माणूस सगळं बोलू शकतो. ज्या पदराचा मी रोज मनातून राग करायचे, त्यानंच हे दार उघडं ठेवलं होतं. रीतीचा राग माझा गेला नाही, आजही नाही. पण त्या दुपारी मी थक्क झाले.

मी रेच्यात आणखी एक मूठ कापूस घातला. शेवटी म्हटलं, "मांजरी, सांग त्यायले. तसं मनात आलं की आधी तुले सांगाचं. कवाबी. मंग पुढचं पुढं."

बाज कुरकुरली. मग, "बरं."

त्या एका "बरं"वर आमची पुढची वर्षं चालली. ते शब्दाचे पक्के होते. कधी महिना महिना काही नसे. कधी सकाळीच आवाज येई, "मांजरी, आज वाईट हाय." एवढंच. मग मी रेचा त्यांच्या खोलीच्या दाराशी ओढून आणायचे, वावरात मालकांना निरोप धाडायचे की आज लवकर या, आणि सरकी काढत बसायचे. उपदेश केला नाही. उपदेश करायला मला कुठे येत होतं! मी सांगायचे मांजरीला, शेजारणीनं आज कोणाची खोडी काढली ते. मालक येऊन भावाच्या पायाला तिळाचं तेल चोळत. त्यांना मी सांगितलं होतं, सासूबाईंनाही. गल्लीसाठी पाय घसरला होता, घरात मात्र आम्ही खरं धरून चाललो. संध्याकाळपर्यंत कधी कधी ढग सरकायचा, कधी नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रेचा ओढायचे.

राखी मांजर म्हातारी होऊन गेली. तिच्या जागी तिची पांढरी पोर आली. वाक्य तेच राहिलं.

गोऱ्यांची लढाई संपली आणि कापसाचा भाव पडला. बाजारात रडारड झाली म्हणतात. आमच्या घरात त्याच सुमारास भासरे पहिल्यांदा भिंतीला टेकून बसले, आणि आम्ही गूळ वाटला. व्यापाऱ्याच्या माणसाला वाटलं असेल, या लोकांचं डोकं फिरलं. मग अंगणात आडवे बांबू बांधले, त्यांना धरून ते उभे राहिले. पाय पडले, पुन्हा उठले. एक पाय आखूड झाला होता, आत वळला होता. आगगाडी अकोल्यात आली तेव्हा अख्खं शहर नारळ घेऊन बघायला गेलं. सासूबाईंना धूर दिसला नाही, पण शिट्टी ऐकून त्या "माय वं!" म्हणून मला बिलगल्या. मीही वाकून बघत होते, पण इंजिन नाही. गर्दीत, पदराखाली, मला दोन पाय दिसत होते आणि बाभळीच्या कुबडीचं टोक. ते पाय आपले आपण आले होते. इंजिनापेक्षा ते मला मोठं वाटलं.

नंतर एक सकाळ आली. कुबडी दाराशी थांबली.

"मांजरी, आज मी वावरात जातो. एकटाच. तिथं इहीर हाय, मले माईत हाय. सांजेले येतो."

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. मागे कोणी जावं का? मी मांजरीला विचारलं, "मांजरी, इचार त्यायले, आज वाईट हाय का?"

"नाही," ते म्हणाले. "वाईट असतं तं सांगितलं असतं."

आम्ही त्यांना जाऊ दिलं. तो दिवस मी कसा काढला ते लिहिता येत नाही. भाकरी जळल्या, दूध उतू गेलं, सासूबाई उंबऱ्यावरून उठल्या नाहीत. उन्हं कलल्यावर कुबडीचा आवाज आला. पाय अंगणात आले, आणि मी पदराखालून बघितलं. टाचांच्या भेगांत काळी माती होती. ओली, ताजी, अंगठ्यापर्यंत लागलेली. मी तिथेच खाली बसले. सासूबाई विचारत होत्या, काय झालं वं, काय दिसते, आणि मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. माणूस एवढं मोडून पुन्हा मातीत पाय रोवू शकतो, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते मावेल एवढी जागा माझ्यात नव्हती.

आणखी काही वर्षांनी मी पहिल्या बाळंतपणाला बडनेऱ्याला गेले. मुलगी झाली आणि गेली. मी अकोल्याला परत आले ती चुलीजवळच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. मालक बोलून थकले. सासूबाई डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या मनात काय काय येत होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला माझ्याजवळ मांजरसुद्धा नव्हती. पांढरी मी माहेरी असतानाच गेली होती.

एका दुपारी कुबडी चुलीच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबली. भासरे त्या दारात कधी येत नसत. मी बघितलं नाही, पण पाय माझ्याकडे पाठ करून उभे आहेत हे मला कळलं.

"मांजरी," ते म्हणाले, "सांग तिले. वाईट असन तं आधी मले सांगाचं."

चुलीमागे राखेशिवाय काही नव्हतं. ते त्यांनाही माहीत होतं. त्यांना काय म्हणून हाक मारायची तो शब्दही माझ्याजवळ नव्हता, इतक्या वर्षांत कधी लागलाच नव्हता. मी भिंतीकडचं तोंड फिरवलं आणि पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"वाईट हाय."

"बरं," ते म्हणाले. मग कुबडी भिंतीला टेकवून आखूड पाय लांब करत ते उंबऱ्यावर बसले, माझ्याकडे पाठ करून, आणि हात लांबवून त्यांनी माझा रेचा आपल्याकडे ओढला.